डॉक्टर काही विशेष म्हणाले नाहीत

मी गेली सहा वर्षं रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या धाकट्या भावाला तर नाहीच नाही. गोळ्या मी शाळेतल्या माझ्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागं ठेवतो. पहिल्या तासाआधी शिक्षकखोलीतल्या माठातून पाणी घेतो तेव्हा एक तोंडात टाकतो. सुट्टीच्या दिवसांच्या गोळ्या चष्म्याच्या डबीत सुट्या करून घरी नेतो. सहा वर्षांत एकही दिवस चुकवलेला नाही.

वाचणारा म्हणेल, एवढंच होय? साताऱ्यात आता घरटी एक माणूस बीपीची गोळी घेतो. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना आपापले आकडे सांगतात, पेन्शनचे सांगावेत तसे. यात लपवण्यासारखं काय आहे?

लपवण्यासारखं असं, की बीपी निघालं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: घरात आणखी कुणाला आहे का? आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या गोळीच्या दहा-अकरा वर्षं आधीपासून माहीत होतं.

आमचं गाव वाईच्या पुढं, कृष्णेच्या काठाला. थोडा ऊस, थोडी हळद. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. आम्ही दोघं भाऊ. मी शिकलो, साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. धाकटा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो आयटीआय करून लोणंदच्या एका कारखान्यात मशीनवर लागला. अंगानं माझ्या दुप्पट. गावच्या जत्रेत कुस्ती धरायचा आणि हरला तरी हसत बाहेर यायचा. सव्वीस वर्षांचा असताना त्याच्या कारखान्यात सगळ्या कामगारांची तपासणी झाली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“दादा, त्या नर्सबाईनं मला तीनदा पट्टा बांधला रं. बाकीच्यांना एकदाच.”

“मग?”

“मग काय. म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, बाई, तुमचा पट्टा बिघडलाय, आमच्या घरात कुणाला सर्दीबी होत न्हाई.”

हे वाक्य आमच्या वडिलांचं. त्यांच्या लेखी आजार म्हणजे वळण नसण्याचा प्रकार. म्हणून त्यांना न सांगता मी धाकट्याला साताऱ्यात बोलावून घेतलं आणि एका वयस्कर डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी बसवून मोजलं, मग झोपवून, मग दुसऱ्या हाताला. वरचं एकशे साठ, खालचं शंभरच्या वर. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं-पापड बंद म्हणाले. रक्त, लघवी, ईसीजीची पट्टी आणि हृदयाची सोनोग्राफी लिहून दिली. चार दिवसांनी धाकट्यानं एक पाळी बुडवून तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट आठवड्यानं मिळणार होते.

त्याच आठवड्यात आमचं सांगलीजवळच्या माधवनगरला जाणं ठरलं होतं, मुलगी बघायला.

या स्थळाआधी दोन स्थळं मोडली होती. एकानं नोकरी पक्की नाही म्हणून नकार कळवला, दुसऱ्यानं कारणच दिलं नाही. कारण न देता नकार येणं वाईट. मग गावात लोक आपापलं कारण लावतात. आईचं सगळ्या देवळांत जाऊन झालं होतं. वडील चिडचिडे झाले होते. माधवनगरचं घर चांगलं होतं. मुलीच्या वडिलांनी सगळी उमर एका सूतगिरणीत काढलेली. माणूस बोलायला सरळ. मुलगी बारावी झालेली आणि नजरेला नजर देऊन बोलणारी. मला ती तिथल्या तिथं आवडली, म्हणजे भावासाठी.

बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर त्यांनी जेवायलाच बसवलं. पंगत मांडली. ताटात कैरीचं लोणचं होतं, त्या घराचं लोणचं म्हणे सगळ्या गल्लीत वाखाणलेलं. धाकट्यानं डॉक्टरांचं ऐकून ते बोटानं ताटाच्या कडेला सारलं. पापडही उचलला नाही. समोर मुलीचा मामा बसला होता. त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

“काय वो पावणं,” तो म्हणाला, “सातारकरांना तिखट सोसंना व्हय? का आमच्या भैनीच्या हातचं आवडलं न्हाई?”

पंगत हसली. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या शेजारीच मांडी घालून बसलो होतो. मी गुडघ्यानं त्याचा गुडघा दाबला.

“न्हाई, न्हाई, शेवटाला खायाला ठेवलंय,” तो म्हणाला, आणि सगळी फोड एका घासात तोंडात टाकली.

“आता कसं!” मामा म्हणाला. “आणखी वाढ गं पावण्यांना.”

त्यानं आणखी दोन फोडी खाल्ल्या. पापडही खाल्ले. मी बघत होतो आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.

हात धुवायला मागच्या दारी गेलो तेव्हा मुलीचे वडील तांब्या घेऊन उभे होते. पाणी घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, “मास्तर, एक इचारू का? राग मानू नका. पोराच्या तब्येतीची काय तक्रार न्हाई न्हवं? माज्या थोरल्या भावाच्या जावयाचं तसंच झालं, लगीन झाल्यावर कळलं. म्हणून आपलं इचारतो. तुमी शिकलेलं, तुमी सांगाल ते खरं.”

मी हात पुसले. म्हणालो, “काही काळजी करू नका. कुस्ती खेळलेला गडी आहे.”

प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नुसतं एक खरं वाक्य बोललो होतो. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळं असल्या पळवाटा मला चांगल्या जमतात.

रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. आमच्याकडं रिपोर्ट ज्याचा असतो त्याच्या हाती देत नाहीत. घरातल्या शहाण्या म्हणवणाऱ्याच्या हाती देतात, आणि तो मग गाळून, पेलेल एवढंच घरात सांगतो. आजोबांच्या घशाचं आजोबांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. आत्याच्या गर्भाशयाचं आत्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. याला आम्ही माया म्हणतो. त्या घरात आता शहाणा मी होतो, आणि धाकट्याला पाळी सोडून पुन्हा लोणंदहून यायला जमणार नव्हतं.

डॉक्टरांनी मला समोर बसवलं. त्यांचं बोलणं मला आजही शब्दाला शब्द पाठ आहे.

“हे टेन्शनचं बीपी नाही. याच्या हृदयाचा स्नायू आत्ताच जाड व्हायला लागलाय. म्हणजे हे कालपरवाचं नाही, दोन-तीन वर्षं तरी चाललेलं आहे. त्याला काही दुखत नाही, म्हणून त्याला पटणार नाही. पण भरलेला उसाचा ट्रॅक्टर रात्रंदिवस चढावर ओढत ठेवला तर इंजिनाचं काय होईल? तरुण आहे तोवर ओढेल. दहा-पंधरा वर्षांनी नाही ओढणार. गोळ्या बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं तरी. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आणि हे तुम्ही त्याला नीट समजावून सांगा. सांगाल ना?”

“सांगतो,” मी म्हणालो.

तिथून मी थेट गावी गेलो. ओट्यावर वडील खुशीत बसले होते. माधवनगरचा मामा सकाळी न कळवता येऊन गेला होता, चौकशीला. आमच्याकडं चौकशी घरात येऊन करत नाहीत. चौकशी करणारा आधी चावडीपाशी बसतो, मग चहाच्या दुकानात, मग औषधाच्या दुकानात. औषधाच्या दुकानदारानं स्वतः येऊन वडिलांना सांगितलं होतं, “म्या म्हटलं, ह्या घरातनं कवा डोकेदुखीची गोळीबी कुणी न्हेली न्हाई. पावणा खूश होऊन गेला.”

वडील म्हणाले, “होकार आल्यात जमा हाय.”

माझ्या पिशवीत रिपोर्ट होता. पहिल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या मी वाईतून आणल्या होत्या, गावात नको म्हणून, एवढं मी आधीच बघितलं होतं. आता मनात आलं, लोणंदला याच्या खोलीत तिघं राहतात, त्यातला एक मिरजेकडचा, म्हणजे माधवनगरच्या शेजारचाच. मामा तिथंही जाईल. उशाला गोळ्यांचं पाकीट दिसलं तर? हे सगळं किती बारीकसारीक आणि किती हलकं होतं ते आता दिसतं. तेव्हा ते डोंगराएवढं वाटलं.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. “काय म्हणालं डॉक्टर?”

मी म्हणालो, “डॉक्टर काही विशेष म्हणाले नाहीत. थोडं टेन्शनचं आहे म्हणाले. या गोळ्या संपल्या की बंद केल्यास तरी चालेल. लग्न झाल्यावर एकदा दाखवू.”

“बघ, मी म्हणत हुतो न्हवं, पट्टाच बिघडलेला,” तो म्हणाला आणि हसला.

एवढंच. एका मिनिटाचा फोन. यापुढं जे घडलं ते सगळं या मिनिटातून निघालं, असं मी म्हणत नाही. त्याला सांगितलं असतं तरी त्यानं गोळ्या घेतल्या असत्याच असं नाही. पण डॉक्टरांच्या तोंडी मी माझं वाक्य घातलं. ते डॉक्टर पुढं वारले, आणि माझं वाक्य खोटं ठरवायला कुणी उरलं नाही.

लग्न झालं. जागरण-गोंधळ झाला. मग तिला दिवस गेले. मग सासऱ्यांच्या ओळखीनं त्याला सांगलीजवळच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि बिऱ्हाड सांगलीला गेलं. दर वेळी मी म्हणायचो, एवढं होऊ दे, मग. मुलीच्या बारशाला सगळे जमले असताना त्यानंच आठवण काढली.

“दादा, त्या डॉक्टरकडं परत जायाचं हुतं न्हवं?”

“काही त्रास होतोय का?”

“त्रास कसला? काय न्हाई.”

“मग कशाला,” मी म्हणालो, आणि पेढ्याचं ताट पुढं केलं.

मी दरवर्षी आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर हृदय काढतो. चार कप्पे, झडपा, निळा आणि लाल खडू. वरचा आकडा म्हणजे काय, खालचा म्हणजे काय, समजावतो. कधी कधी एखादी मुलगी विचारते, “सर, बीपी जास्त असलं तर कळतं का?” मी सांगतो, “नाही. बहुतेकांना कळत नाही, म्हणून मोजायचं असतं.” घंटा होते, मी हात धुतो.

बेचाळिसाव्या वर्षी एकदा शाळेत चक्कर आली म्हणून मी डॉक्टरांकडं गेलो आणि माझं बीपी निघालं. हे दुसरे डॉक्टर, तरुण. त्यांनी विचारलं, “घरात कुणाला आहे?”

“धाकट्या भावाला,” मी म्हणालो. अनोळखी माणसापुढं खरं बोलणं किती सोपं असतं.

“कधीपासून?”

“सव्विसाव्या वर्षापासून.”

त्यांनी मान वर केली. “एवढ्या लवकर? मग त्यांना फार जपायला हवं. गोळ्या व्यवस्थित घेतात ना?”

“हो,” मी म्हणालो.

त्या दिवशी मी बाहेर येऊन सांगलीला फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही होता. पण त्याला काय सांगू? मला निघालं, तूही मोजून घे, एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं. त्यात जुनं काही उघडं पडत नव्हतं. पण मला वाटलं, तो विचारेल, ‘मग तवा डॉक्टर नेमकं काय म्हणालं हुतं?’ त्या एका प्रश्नाला भिऊन मी फोन खिशात ठेवला आणि औषधाच्या दुकानात गेलो, माझ्या गोळ्या घ्यायला. या सगळ्यात मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर ती याची. लग्नाच्या वेळी मी तिशीतला होतो, घाबरट होतो, असं म्हणता येईल. बेचाळिसाव्या वर्षी मला सगळं कळत होतं. मी माझं हृदय जपलं आणि त्याचं जाऊ दिलं.

गेल्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, तो सकाळच्या पाळीला निघाला असताना कारखान्याच्या दारात बसला तो उठेना. बेचाळीस वर्षांचा. सोबतच्या कामगारांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. मी साताऱ्याहून पोचेतो अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी भावजयीला आणि मला आत बोलावलं.

“नळी उघडलीय. पण हृदय आधीपासूनच थकलेलं आहे. भिंती जाड झाल्यात, ताकद निम्म्याच्या खाली आलीय. हे एका दिवसात होत नाही. बरीच वर्षं बीपी असणार. कधी मोजलं होतं?”

भावजय रडून सुजली होती, पण तिनं नीट उत्तर दिलं. “न्हाई वो मॅडम. कवाच न्हाई. लग्नापासनं एक दिस आजारी पडलं न्हाईत. लग्नाच्या आधीचं दादांना इचारा, दादांना सगळं म्हाईत असतंय.”

दोघी माझ्याकडं बघत होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या माहितीत तरी नाही.”

बाईंनी कागदावर तसं लिहिलं. मग म्हणाल्या, “मुलगी आहे ना तुमची? वडिलांना तरुणपणीच सुरू झालेलं असेल तर मुलांचं लवकर मोजायला लागावं लागतं. पण तुम्ही म्हणताय की तेव्हा नव्हतं. तरी अठरा-वीस वर्षांची झाली की एकदा बघून घ्या.”

पुतणी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

भाऊ घरी आला. काम सुटलं. जिना चढवत नाही, पिशवी उचलवत नाही. ज्या माणसानं मला जत्रेत खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं तो आता आंघोळीनंतर दहा मिनिटं पलंगावर बसून राहतो. आई त्याच्यापाशी राहायला सांगलीला गेली. वडील आधीच गेले होते, ते एका अर्थी बरं झालं.

आणि आईनं कारण शोधून काढलं. आईला कारण लागतंच. तिनं ठरवलं की हे सांगलीच्या खाण्यानं झालं.

“आमच्या घरात असलं कवा न्हवतं,” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. “माजा पोरगा दगडासारखा हुता. हिच्या हातचं तिखट-मीठ खाऊन खाऊन त्याचं काळीज नासलं. बरण्याच्या बरण्या लोणचं.”

भावजय हे स्वयंपाकघरातून ऐकायची. ती सासूला उलट बोलणारी आहे, पहिल्यापासून. सासूनं पातेल्यावरून टोमणा मारला तर ही परातीवरून परत करायची, आणि दोघी दुपारी एकाच चटईवर झोपायच्या. पण या एका बाबतीत ती गप्प बसायला लागली, कारण तिला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. एकदा मी गेलो तर ती ओट्याशी उभी राहून चहाच्या चमच्यानं मीठ मोजत होती, चमच्यावर बोट फिरवून सपाट करत.

“दादा, तुमी सायन्सवालं,” ती म्हणाली. “खरं सांगा. मिठानं व्हतंय का असं? मी लग्नापासनं घालतीया. आमच्या घरात जास्तच घालत्यात. मला कुणी सांगितलं न्हाई वो. सांगितलं असतं तर मी घातलं असतं का?”

मी म्हणालो, “मीठ एकटंच कारण नसतं. बरीच कारणं असतात.”

पुस्तकातलं वाक्य. ती मान हलवून पुन्हा मोजायला लागली. तिच्या आईकडून शिकलेलं लोणचं घालणं तिनं त्या वर्षी बंद केलं. होत्या त्या बरण्या शेजारणींना देऊन टाकल्या. आई म्हणाली, “आता दिऊन काय उपेग.”

महिन्याभरापूर्वीच्या रविवारी मी सांगलीत होतो. डॉक्टरांनी भावाला सपाटीवर रोज चालायला सांगितलंय. सकाळी आम्ही दोघं नदीच्या घाटाकडं गेलो. तो विजेच्या प्रत्येक खांबापाशी थांबायचा, मी थांबायचो. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत म्हणून वरच्याच पायरीवर बसलो. आदल्या दिवशी आईनं शेजारणीच्या देखत पुन्हा तेच काढलं होतं आणि भावजय ताट तसंच ठेवून उठून गेली होती.

“मला तुला एक सांगायचंय,” मी म्हणालो.

“सांग की. एवढं त्वांड पाडून? रिटायर करत्यात काय तुला?”

मी सांगितलं. रिपोर्टचं, डॉक्टरांचं, ट्रॅक्टरचं, फोनचं. मधे थांबलो नाही. तो नदीकडं बघत ऐकत होता. पलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं.

त्यानं विचारलं, “किती वर्षं म्हणाला हुता डॉक्टर?”

“दहा-पंधरा.”

“सोळाव्याला झालं. म्हंजे म्हातारा बराबर निघाला की रं.” आणि तो हसला. हसल्यावर त्याला धाप लागली. ती उतरेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

मग म्हणाला, “मी घेतल्या असत्या का न्हाई, मलाच ठाऊक न्हाई. सव्वीस वर्साचा हुतो, मस्तीत हुतो. कदाचित फेकूनबी दिल्या असत्या. पर दादा, फेकायच्या का गिळायच्या ते मी बघितलं असतं. माजं हुतं ते.”

मी पायरीवरची माती नखानं उकरत राहिलो.

“काल आई तिला काय म्हणाली ऐकलंस?”

“ऐकलं.”

“आणि तू ताटावर बसून आमटी भुरकत हुतास.”

“हो.”

“मग मला सांगून काय उपेग? मी हाय तिथंच हाय. तिला सांग. आणि गपचिप न्हाई, आईच्या देखत सांग.”

“आईला सोसवेल का या वयात?”

“तिला सोसतंय न्हवं वर्सभर?” त्याचा आवाज चढला, मग त्यानंच छातीवर हात ठेवून तो खाली आणला. “आईचं वय हाय आणि ती काय दगडाची हाय?”

उठताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. दोन खांब गेल्यावर थांबला आणि विचारलं, “तुला हाय का रं बीपी?”

एवढं सगळं सांगून झाल्यावरही मी म्हणालो, “थोडं आहे म्हणतात.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. काय ओळखलं कुणास ठाऊक. पुढच्या खांबाकडं चालायला लागला.

घरी आलो. भावजयीनं ताटं केली होती. आई भिंतीला टेकून बसली होती. भाऊ माझ्यासमोर बसला आणि जेवता जेवता वाट बघत राहिला, हे मला कळत होतं. आई पहिल्याच घासाला म्हणाली, “आता अळणी घालतीया. आदी घातलं असतंस तर.” भावजयीचा वाढता हात थांबला. भावानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. म्हणालो, “जरा पाणी दे.”

दुपारच्या गाडीनं मी साताऱ्याला आलो. त्यानंतर चार रविवार गेले. मी पेपर तपासायचे आहेत म्हणालो, एकदा शाळेची बैठक आहे म्हणालो. भाऊ फोन करत नाही. पूर्वी दर बुधवारी करायचा.

हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं, लिहून झालं की हलकं वाटेल. वाटलं नाही. लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा अनोळखी माणसापुढं खरं बोलणं, आणि ते मला पहिल्यापासून जमतं. भावजयीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी हात पुसत दिलेलं उत्तर आता परत घेता येत नाही. पण बाकीचे सगळे आहेत, आणि सांगलीची गाडी दर तासाला सुटते.

भावाला मला सांगायचं आहे की माझं बीपी थोडं नाही, आणि मी सहा वर्षं गोळी घेतोय. डॉक्टरीणबाईंना सांगायचं आहे की त्यांच्या कागदावरचं चुकीचं आहे, म्हणजे मुलीचं बीपी त्या आतापासूनच मोजतील. आणि भावजयीला, आईच्या देखत, सांगायचं आहे की तिच्या हातच्या मिठानं हे झालेलं नाही, तिच्या नवऱ्याला लग्नाआधीपासून बीपी होतं आणि ते मी सगळ्यांपासून लपवलं. यातलं एकही मी अजून सांगितलेलं नाही.